मेंढ्या कुणाच्या? सेंट किल्डाच्या कड्यांची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमधल्या सेंट किल्डा बेटांच्या कड्यांचे फोटो दाखवले की सोलापुरातल्या पक्षिमित्रांत हमखास दोन प्रश्न निघतात. एवढे पक्षी एका खडकावर मावतात कसे, हा पहिला. दुसरा जरा उशिरा येतो, कुणीतरी फोटो मोठा करून बघितल्यावर: उतारावर त्या तपकिरी मेंढ्या दिसतायत, त्या कुणाच्या? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. भोवती मासळीने भरलेला समुद्र आणि खाली उतरून येणारा एकही शिकारी प्राणी नाही, म्हणून मावतात. दुसऱ्यासाठी मात्र मागे जावं लागतं, आणि हे टिपण मुख्यतः त्यासाठीच आहे.

दगडाचं आधी उरकून घेऊ. आपल्या पायाखालचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थरावर थर लाव्हा वाहत आला आणि उघड्यावर थिजला. सेंट किल्डाचा ज्वालामुखी त्यानंतरचा, साडेपाच-सहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे आज दिसतो तो लाव्हाचा थर नाही. ज्वालामुखीच्या पोटात, जमिनीखाली सावकाश थंड झालेला हा दगड आहे, त्यामुळे त्याचे कण आपल्या बेसॉल्टपेक्षा मोठे, डोळ्यांना सुटे दिसतील असे. वरचं सगळं झिजून गेलं, उरलं त्याचे अटलांटिकने कडे कापले. हर्टा, सोए, डून आणि बोरेरे ही चार बेटं, शिवाय समुद्रातून उभे वर आलेले सुळके. हर्टावरचा कोनाखरचा कडा 430 मीटर, स्टॅक अन आर्मिन हा सुळका 196 मीटर. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या शेवटच्या वस्तीच्या बेटांपासून हे सगळं साठ-पासष्ट किलोमीटर आत समुद्रात.

सगळी जमीन एकत्र केली तर भरते साडेआठ चौरस किलोमीटर. आपलं माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं, म्हणजे जवळपास हजारपट! पुढे ते 1,222 वर आणलं गेलं, आणि हद्दीवरून काय काय झालं ते नान्नज, मोहोळ, करमाळ्यात कुणाला सांगायला नको. सेंट किल्डाची हद्द समुद्राने आखलेली, तिच्यावरून कधी वाद झाला नाही. तिथला वाद हद्दीच्या आतल्या प्राण्यांवरून आहे.

माणसं हर्टा बेटावर किमान दोन हजार वर्षं होती, आणि ती शेतीपेक्षा पक्ष्यांवर जगली. गॅनेट, फल्मार, पफिन. पुरुष अनवाणी, दोरावर लटकून कड्यात उतरत. पकडलेले पक्षी वाळत घालायला गोल-लांबट दगडी कोठारं बांधलेली होती, वर गवताच्या मातीचं छप्पर आणि भिंतीच्या दगडांत मुद्दाम ठेवलेल्या फटी, वारा आरपार जावा म्हणून. एकट्या हर्टावर अशी बाराशेच्या वर आहेत. जमीनदाराचा खंड पैशात नाही, पिसांत, फल्मारच्या तेलात आणि हातमागावर विणलेल्या लोकरीच्या कापडात भरायचा. हिवाळाभर घराघरात माग चालायचा, आणि विणायचं काम पुरुषांचं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या जुन्या विणकर घरांना यात नवल वाटणार नाही.

या जगण्यात जोखीम किती होती, ते 1727 च्या एका हकिगतीवरून कळतं. तीन पुरुष आणि आठ पोरांना पक्षी धरायला स्टॅक अन आर्मिनवर उतरवलं. नेहमीप्रमाणे थोड्या दिवसांनी होडी न्यायला यायची. ती आलीच नाही, कारण गावात देवीची साथ पसरली होती आणि होडी वल्हवायला माणसं उरली नव्हती. अकरा जणांनी अख्खा हिवाळा त्या सुळक्यावर पक्षी आणि मासे खाऊन काढला. मे महिन्यात सुटका झाली तेव्हा गाव जवळजवळ रिकामं झालेलं होतं. त्याच सुळक्यावर 1840 च्या सुमारास ब्रिटनमधला बहुधा शेवटचा ग्रेट ऑक मारला गेला. हा उडता न येणारा मोठा पक्षी. वादळ आणणारी चेटकीण समजून त्याला मारलं, असं सांगतात. पक्ष्यांवर जगणारे लोक म्हणजे आपोआप पक्ष्यांचे राखणदार, हे आपल्याकडे फार लवकर मान डोलावून मान्य होतं, म्हणून ही नोंद.

1930 च्या 29 ऑगस्टला उरलेली 36 माणसं स्वतः अर्ज करून बेट सोडून गेली. गावच्या मेंढ्या आणि गुरं त्याआधी बोटीने हलवली. कुत्री बुडवून मारली. घरातले उंदीर माणसांच्या मागोमाग काही वर्षांतच संपले, कारण ते माणसाच्या दाण्यावर जगणारे. बेटावरचा रानउंदीर मात्र टिकला, आणि तो मुख्य भूमीवरच्या भावंडांच्या जवळपास दुप्पट वजनाचा असतो. दुसऱ्या वर्षी एका पक्षिप्रेमी उमरावाने बेटं विकत घेतली. सेंट किल्डाच्या बहुतेक लेखांत इतिहास इथे थांबतो आणि 'मग निसर्गाने बेट परत घेतलं' असं एक वाक्य येतं.

ते वाक्य बरोबर नाही. नव्या मालकाच्या काळात, 1932 मध्ये, शेजारच्या सोए बेटावरून 107 मेंढ्या धरून हर्टावर आणून सोडल्या. हर्टावर ही जात त्याआधी पाळली जात नव्हती. गावकऱ्यांच्या मेंढ्या वेगळ्या, त्या तर बोटीने निघून गेलेल्या. म्हणजे आज फोटोत दिसणारा 'मूळ' प्राणी तिथे निसर्गाने आणला नाही. तो माणसाने ठरवून होडीतून आणला.

सोए मेंढी लहान चणीची, चपळ, बहुतेक तपकिरी; लोकर कातरावी लागत नाही, आपोआप झडते. ती चार हजार वर्षांपूर्वीच्या पाळीव मेंढीच्या वंशातली, माणसाचा हात न लागलेली, अशी तिची ख्याती. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यालाही धक्का दिला. साधारण दीडशे वर्षांपूर्वी तिच्यात दुसऱ्या एका जुन्या पाळीव जातीचं रक्त मिसळलेलं आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकात कुणीतरी सोएवर दुसरी मेंढी नेऊन सोडली होतीच.

त्या 107 मेंढ्यांचं पुढे काय झालं? काहीच करायचं नाही असं ठरलं. 1957 मध्ये बेटं एका संवर्धन न्यासाकडे आली, त्याच सुमाराला क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणारा लष्करी तळ आला, पण मेंढ्यांना चारा नाही, औषध नाही, कत्तल नाही, हे धोरण राहिलं. खाणारा प्राणी बेटावर नाही. मादी पहिल्या वर्षीच विते, पुढे कधीकधी जुळीही. कळप वाढत जातो, उन्हाळ्यात गवत पुरतं, आणि मग एखाद्या ओल्या, वादळी हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, एकदम कोसळतो. पोटात जंत, बाहेर वारा, आणि गवत खुरटून जमिनीला लागलेलं. नर आधी जातात, कारण शरद ऋतूत माजावर असताना त्यांनी धड चरलेलंच नसतं. हर्टावरची संख्या कधी सहाशेच्या आसपास, कधी दोन हजारांवर. वाईट वर्षी निम्म्याहून जास्त कळप जातो. मेंढ्या वाऱ्यापासून आडोसा म्हणून त्या पक्षी वाळवायच्या कोठारांत शिरतात आणि तिथेच मरतात. वसंतात अभ्यासक कोठारं एकेक करून तपासतात, कानातला बिल्ला वाचतात आणि वहीत नोंद करतात.

1985 पासून हर्टावरच्या गावालगतच्या खाडीच्या बाजूच्या जवळजवळ प्रत्येक मेंढीची जन्मापासून मृत्यूपर्यंत नोंद आहे. जगात रानातल्या सस्तन प्राण्यांची इतकी तपशीलवार माहिती फार थोड्या ठिकाणी मिळते. मेंढ्या चोवीस वर्षांत सुमारे पाच टक्क्यांनी लहान झाल्या, हे 2009 मध्ये याच नोंदींतून कळलं. हिवाळे सौम्य झाले, पूर्वी मरणारी किरकोळ कोकरं जगू लागली, हे त्यामागचं मुख्य कारण. ज्ञान मोठं आहे यात वादच नाही.

पण सांगोला-मंगळवेढ्याचा माणूस हे ऐकून गप्प बसत नाही. आपल्याकडे पाऊस गेला की चारा छावणी लागते, आणि ती वेळेवर लागली नाही तर तहसीलवर मोर्चा जातो. जनावर माणसाने आणलंय, तर उपाशी मरू द्यायचं नाही, हा आपला हिशेब. न्यासाच्या बाजूचा युक्तिवाद असा की हा आता रानटी प्राणी आहे. काळविटाला आपण दुष्काळात पेंड टाकतो का? युक्तिवाद पोकळ नाही. चारा घातला तर पुढच्या वर्षी कळप आणखी मोठा आणि मरण आणखी मोठं. संख्या आवरायची तर दरवर्षी गोळी घालावी लागेल, आणि चाळीस वर्षांच्या नोंदींचा अर्थच बदलेल. तरी मला खटकतं ते एवढंच, की 'हस्तक्षेप नाही' हा शब्द 1932 नंतरच्या काळालाच लावला जातो. आणताना हात होता, मरताना नाही. पशुवैद्य आणि पशुकल्याणवाले हा मुद्दा पुन्हा पुन्हा काढतात, आणि दर मोठ्या मरतुकीनंतर तो नव्याने पेटतो.

पक्ष्यांचं चित्र अलीकडे पालटलं आहे. 1986 मध्ये निसर्गासाठी आणि 2005 मध्ये संस्कृतीसाठीही बेटं जागतिक वारसा यादीत गेली, तेव्हा कडे भरलेले होते. बोरेरे आणि त्याच्या सुळक्यांवर 2013 च्या मोजणीत गॅनेटच्या साठेक हजार जोड्या होत्या. किटिवेक मात्र फारच रोडावले, आणि 2022 च्या बर्ड फ्लूने ग्रेट स्कुआची वाताहत केली. त्या साथीतही कड्यावर काही करण्यासारखं नव्हतं, फक्त मोजणं.

बोरेरेवरही मेंढ्या आहेत, त्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. त्या गावकऱ्यांच्याच वंशातल्या: 1930 मध्ये तो कळप कड्यांवरून उतरवून आणणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मागे राहिलेला. त्याही उपाशी मरतात. त्यांच्या कानात बिल्ले नाहीत, बोरेरेवर धड उतरताही येत नाही, त्यामुळे त्यांच्यावरून अजून कुणी पत्रकबाजी केलेली नाही.