चार्जिंग थांबा

चार्जिंग थांबा : विद्युत मोटारीच्या लांबच्या प्रवासात बॅटरी भरण्यासाठी वाटेत घेतलेला थांबा. डिझेलची टाकी पाच मिनिटांत भरते, त्यामुळे तिथे थांबा हा हिशेबाचा विषयच नसतो. विद्युत मोटारीत मात्र निघायचे कधी, जेवायचे कुठे आणि पोहोचायचे किती वाजता, हे बरेचसे थांब्यांवरून ठरते.

लिथियम-आयन बॅटरी एकसारख्या वेगाने भरत नाही. सुमारे ८० टक्क्यांपर्यंत ती भराभर वीज घेते, मग पेशींचे नुकसान टाळण्यासाठी गाडीच विजेचा वेग कमी करते. शेवटच्या वीस टक्क्यांना कधीकधी आधीच्या सत्तर टक्क्यांइतका वेळ लागतो. म्हणून जाणकार चालक १० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात खेळतात आणि एका मोठ्या थांब्याऐवजी दोन छोटे घेतात. चार्जरवरचा किलोवॅटचा आकडाही फसवा असतो. १२० किलोवॅटच्या चार्जरला ५० किलोवॅट घेणारी गाडी लावली, तर ५०च मिळतात. अनेक ठिकाणी दोन गन (गाडीला लावायचे चार्जिंगचे प्लग) एकाच यंत्राला असतात. शेजारी दुसरी गाडी लागली की वीज वाटली जाते.

कंपनीने सांगितलेली रेंज (एकदा पूर्ण भरल्यावर गाडी जाते ते अंतर) आणि थांब्यांची संख्या यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. समृद्धी महामार्ग नागपूर ते आमणे (भिवंडी) ७०१ किमी. ४०.५ युनिटांच्या बॅटरीच्या टाटांच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सची एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचणीतली रेंज ४३७ किमी, म्हणजे कागदावर एक थांबा पुरे. महामार्गावर ती अडीचशेच्या आसपास उतरते असे धरले, तर नागपूरहून पूर्ण भरून निघालेली गाडी १० टक्क्यांवर येईपर्यंत सव्वादोनशे किमी जाते आणि पुढे प्रत्येक थांबा जेमतेम पावणेदोनशे किमी देतो. थांबे तीन होतात, प्रत्येकी पाऊण-एक तासाचे. त्यात समृद्धीवर कारला ताशी १२० किमीची मुभा आहे. ८० वरून १२० ला गेले की हवेचा रोध सव्वादोन पट होतो. घाई करून वाचवलेली मिनिटे मग चार्जरपाशी परत द्यावी लागतात. चार्जर संथ असेल तर सव्याज. विदर्भातल्या उन्हाळ्यात वेगाने पळवलेली बॅटरी तापलेली असते, तेव्हा काही गाड्या चार्जिंगचा वेगही आवरता घेतात.

घाटाचे गणित वेगळे. खोपोलीहून लोणावळ्याला साधारण साडेपाचशे मीटर चढताना दीड टनाच्या गाडीची नुसत्या उंचीसाठी सव्वादोन युनिटे जातात. टक्केवारी डोळ्यांदेखत उतरते आणि नवखा चालक घाबरतो. उलट दिशेने उतरताना रीजनमुळे (ब्रेकिंगच्या वेळी मोटारच वीज बनवून बॅटरीत परत भरते त्यामुळे) यातला बराच भाग परत मिळतो, त्यामुळे पुण्याहून मुंबईला जाताना घाटाच्या भीतीने लोणावळ्यात थांबण्याचे कारण नाही.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किमीवर, तर लांब पल्ल्याच्या आणि अवजड वाहनांसाठी दर १०० किमीवर स्थानक अपेक्षित होते. यातले ‘दोन्ही बाजूंना’ हे शब्द फार महत्त्वाचे. प्रवेश-नियंत्रित (ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येणाऱ्या) रस्त्यावर पलीकडचा चार्जर नकाशात शेजारीच दिसतो, पण तिथे पोहोचायला पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन वळून यावे लागते.

प्रत्यक्षात चार्जिंगच्या वेळेपेक्षा अनिश्चितता जास्त जाचते. यंत्र बंद असणे, वीज गेलेली असणे, अ‍ॅपमध्ये पैसे भरूनही गन सुरू न होणे, दिवाळीच्या सुट्टीत पुढे दोन गाड्यांची रांग असणे, हे सगळे गृहीत धरावे लागते. त्यामुळे २० टक्के शिल्लक ठेवून पोहोचायचे आणि जवळचा दुसरा चार्जर आधीच हेरून ठेवायचा, असा रिवाज पडला आहे. जेवणाच्या वेळेला जुळणारा थांबा फुकटात पडतो, कारण गाडी विद्युत नसती तरी माणसे तेवढा वेळ थांबलीच असती. भर दुपारी सावली आणि स्वच्छतागृह नसलेल्या जागी तेवढाच वेळ कुटुंबाला नकोसा होतो.

सगळ्यात स्वस्त थांबा रात्रीचा. हॉटेलच्या १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवरून तासाला तीनेक युनिटे मिळतात, म्हणजे सकाळपर्यंत छोटी बॅटरी जवळजवळ भरते. मात्र सॉकेटला नीट अर्थिंग नसेल तर गाडी चार्ज व्हायला नकार देते. कोकणात किंवा आडगावी खोली आरक्षित करताना पार्किंगजवळ असा सॉकेट आहे का आणि त्याला अर्थिंग आहे का, हे दोन्ही फोनवरच विचारून घेतात.