लिनक्स सॉफ्टवेअर रेड : बिघाड आणि डेटा-पुनर्प्राप्ती

लिनक्स कर्नलमधील (संचालन-प्रणालीच्या गाभ्यातील) एमडी या ड्रायव्हरने अनेक डिस्क एकत्र बांधून तयार केलेला अ‍ॅरे बंद पडल्यावर त्यातील डेटा परत मिळवण्याची पद्धत. रेडचे (अनेक डिस्क एक म्हणून वापरण्याच्या तंत्राचे) स्तर आणि पॅरिटीची (हरवलेला भाग पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेल्या जादा माहितीची) मूळ कल्पना वाचकाला माहीत आहे असे येथे गृहीत धरले आहे.

‘रेड’ (आरएआयडी) या संज्ञेचे श्रेय सामान्यतः पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या बर्कली येथील १९८८ च्या निबंधाला देतात. या निबंधात १ ते ५ असे स्तर मांडले होते. शून्य आणि सहा ही नावे नंतर रुळली. संज्ञेतील ‘आय’ हे अक्षर मुळात ‘स्वस्त’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे होते, पुढे त्याचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा सांगितला जाऊ लागला. तंत्र मात्र नावापेक्षा जुने आहे. निकामी झालेल्या स्मृती-एककातील मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा काढण्याचे पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना १९७८ मध्येच मिळाले होते, आणि एकाच मजकुराच्या दोन डिस्क ठेवण्याची रीत टँडम या कंपनीच्या संगणकांत त्याआधीपासून होती. त्यामुळे बर्कलीच्या निबंधाला शोधापेक्षा वर्गीकरणाचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. लिनक्समध्ये एमडी ड्रायव्हर १९९६ च्या २.० या कर्नलपासून आढळतो. तो हाताळणारे एमडीअ‍ॅडम हे साधन नील ब्राउन यांनी २००१ च्या सुमारास लिहिले. सुरुवातीला त्याचे नाव एमडीसीटीएल होते.

पुनर्प्राप्तीचा बहुतेक भार सुपरब्लॉकवर असतो. अ‍ॅरेची ओळख, स्तर, चंकचा (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार, त्या डिस्कचा क्रमांक आणि इव्हेंट काउंट (बदलागणिक वाढत जाणारा आकडा) यांची नोंद प्रत्येक घटक डिस्कवर असते, तिला सुपरब्लॉक म्हणतात. ०.९० आणि १.० या आवृत्त्यांत ती डिस्कच्या शेवटाकडे, १.१ मध्ये अगदी आरंभी, तर १.२ मध्ये आरंभापासून ४ किलोबाइटवर लिहिलेली असते. ०.९० मध्ये एक जुनी संदिग्धता आहे : शेवटचे पार्टिशन डिस्कच्या टोकापर्यंत गेलेले असेल, तर सुपरब्लॉक त्या पार्टिशनचा की संपूर्ण डिस्कचा, हे नेहमी ठरवता येत नाही. त्याहून अधिक घात होतो तो बदललेल्या पूर्वनिर्धारित मूल्यांनी. एमडीअ‍ॅडमच्या ३.१ आवृत्तीच्या आसपास चंक ६४ किलोबाइटवरून ५१२ किलोबाइटवर गेला, आणि प्रत्यक्ष डेटा जेथून सुरू होतो ते स्थान, म्हणजे डेटा ऑफसेट, काही आवृत्त्यांत २,०४८ सेक्टर (डिस्कवरील सर्वांत लहान कप्पे) तर नंतरच्या काहींत मोठ्या डिस्कवर २,६२,१४४ सेक्टर, म्हणजे १२८ मेबिबाइट, असा आढळतो. जुना अ‍ॅरे नव्या साधनाने ‘पुन्हा तयार’ केला, तर तो दिसतो तसाच, पण त्यात फाइल-प्रणाली सापडत नाही.

डिस्क खरोखर मेल्याने अ‍ॅरे पडतोच असे नाही. इंदूरला आरएनटी मार्गावरून घेतलेल्या साध्या डेस्कटॉप डिस्कमध्ये खराब सेक्टर वाचण्याचा प्रयत्न कधी कधी दोन मिनिटांहून अधिक चालतो, आणि कर्नल मात्र ३० सेकंदांतच आशा सोडतो. मग धडधाकट डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाते. यावर उपाय म्हणजे डिस्क साथ देत असल्यास तिची मर्यादा ७ सेकंदांवर आणणे, अन्यथा कर्नलची मर्यादा १८० सेकंदांपर्यंत वाढवणे. पावसाळ्यात वीज वारंवार गेल्यानेही असे प्रकार होतात.

इंदूरच्याच एका मराठी वाचनालयाचा, मोडी दफ्तरांच्या छायाप्रती ठेवलेला चार डिस्कचा रेड ५ अ‍ॅरे प्रस्तुत नोंदकाराने पाहिला आहे. सुपरब्लॉक वाचून दाखवणाऱ्या एक्झॅमिन या आज्ञेने प्रत्येक डिस्क तपासता दोन डिस्कवर इव्हेंट काउंट ४८,२१३, तिसरीवर ४८,२०९ आणि चौथीवर ३१,९७७ निघाला. यावरून उलगडा सरळ होतो : चौथी डिस्क कित्येक महिने आधीच बाहेर पडली होती आणि कोणी पाहिले नव्हते, तिसरी वीज गेली त्या दिवशी पडली. अशा वेळी चौथी बाजूला ठेवून, उरलेल्या तिघी असेंबल (जुळवणी) या आज्ञेला फोर्स (सक्ती) या पर्यायाची जोड देऊन जुळवतात. चार घटनांचा फरक सहसा सोसण्याजोगा असतो. शिळी चौथी मात्र यात घ्यायची नाही.

हे करण्यापूर्वी खराब डिस्कची डीडीरेस्क्यू या साधनाने प्रत काढणे आणि मूळ डिस्कवर काहीही लिहिले न जाता बदल वेगळे साठवणारी ओव्हरले फाइल लावणे, याबद्दल जाणकारांत फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो क्रिएट, म्हणजे सुपरब्लॉक नव्याने लिहिणाऱ्या आज्ञेबद्दल. सुपरब्लॉक पुसले गेले असतील तर अझ्यूम-क्लीनसह (डेटा जुळलेला आहे असे मानून पुनर्भरण टाळणाऱ्या पर्यायासह) क्रिएट हा मान्य उपाय आहे असे एक मत. तो शेवटचा आणि केवळ ओव्हरलेवर करण्याचा प्रयोग आहे असे दुसरे, आणि तेच सुरक्षित. कारण अझ्यूम-क्लीन विसरल्यास रेड ५ मध्ये शेवटची डिस्क नव्याने भरली जाऊ लागते आणि डिस्कचा क्रम चुकलेला असला तर तिच्यावरचा मजकूर कायमचा जातो. चार डिस्कचे क्रम २४ होतात, म्हणून प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आणि एक्झॅमिनचे उत्तर आधीच कागदावर उतरवलेले असावे.

क्रम बरोबर बसला हे फाइल-प्रणाली उघडल्यानेच सिद्ध होत नाही. ५१२ किलोबाइट चंक आणि (चौथा पॅरिटीचा सोडून) तीन डेटा-भाग धरता एक पट्टा, म्हणजे सर्व डिस्कवरील एका ओळीतले चंक, दीड मेबिबाइटचा होतो. तपासणीची फाइल त्याहून मोठी हवी. वाचनालयाच्या बाबतीत सुमारे २० मेगाबाइटची, संकोचन न केलेली एक छायाप्रत उघडली : चुकीच्या क्रमात मोडी ओळींच्या मध्येच दुसऱ्याच पानाचे आडवे पट्टे येत होते, बरोबर क्रमात पान शिरोरेषेपासून तळापर्यंत अखंड दिसले. माउंट करतानाही (फाइल-प्रणाली वापरासाठी जोडतानाही) केवळ वाचनाचा पर्याय पुरत नाही, कारण ईएक्सटी४ ही फाइल-प्रणाली आपले जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद) तरीही चालवते. ते टाळण्यासाठी नोलोड हा पर्याय द्यावा लागतो. फाइल-प्रणालीची दुरुस्ती करणारे एफएससीके हे साधन डेटा अन्यत्र उतरवून घेतल्यावरच चालवतात.

रेड शून्यात पॅरिटी नसल्याने या पद्धतीपैकी डिस्कची प्रत काढण्याचा भागच उपयोगी पडतो. रेड १ मधील एकच डिस्क, तिचा सुपरब्लॉक शेवटाकडे असल्यास, एमडीविना थेटही वाचता येते.