स्वतःच्याच परताव्यावर व्याज

अमेरिकेत १९७५ साली ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ आलं. कमी पगारावर राबणाऱ्या, विशेषतः पदरी मुलं असलेल्या कुटुंबांना कर शून्य निघाला तरी परतावा म्हणून रोख रक्कम मिळू लागली. १९८६, १९९० आणि १९९३ मध्ये ती वाढवली गेली. गरिबांसाठीची एवढी मोठी मदत आयकर खात्यातून, आणि बहुतेकांना वर्षातून एकदाच. ‘रिफंड अँटिसिपेशन लोन’ म्हणजे परताव्यावरच्या उचलीचं मूळ इथे आहे. जानेवारीत भाडं थकलेलं, नाताळची उधारी डोक्यावर आणि दोन-तीन हजार डॉलर येणार हे नक्की! सावकाराला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार?

१९८६ मध्ये विवरणपत्रं इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरण्याचा प्रयोग सुरू झाला, १९९० मध्ये तो देशभर पोचला. एच अँड आर ब्लॉक, जॅक्सन ह्युइट यांसारख्या करसल्लागार साखळ्या अर्ज भरून द्यायच्या, पैसे भागीदार बँक द्यायची. गिऱ्हाईकाच्या खिशातून त्या दिवशी एक डॉलरही जात नसे. विवरणपत्राची फी, कर्जाची फी, सगळं परताव्यातूनच वळतं. त्यामुळे ते कर्ज वाटायचंच नाही. तीन हजारांच्या उचलीवर शंभर डॉलर फी, मुदत साधारण दहा दिवस. वार्षिक हिशेबाने हे व्याज १२० टक्क्यांच्या वर जातं. बँकेत खातं नसलेल्यांना चेक वटवण्याचे पैसे वेगळे. परतावा अडकला किंवा कमी आला तर मात्र पूर्ण कर्ज कुटुंबाच्या अंगावर.

बँकांचा धोकाही सरकारनेच हलका केला होता. कोणाच्या परताव्यातून जुनी देणी कापली जाणार आहेत, याचा इशारा आयकर खातं आधीच देत असे. खोट्या परताव्यांचा सुळसुळाट झाल्यावर विवरणपत्रं भरण्याच्या १९९५ च्या हंगामासाठी हा इशारा बंद केला आणि पाच वर्षांनी पुन्हा सुरू केला. २००० नंतरच्या काही वर्षांत दरसाल सव्वा कोटीच्या आसपास कर्जं निघत होती, निम्म्याहून अधिक हे क्रेडिट घेणाऱ्यांची. गरिबांसाठी बाजूला काढलेल्या सरकारी पैशाचा एक वाटा असा फीच्या वाटेने बँकांकडे गेला. या धंद्यात मला सर्वांत खटकतं ते हेच.

कॅनडाने १९७८ मध्येच कायदा करून अशा उचलीतून कापून घेतल्या जाणाऱ्या रकमेला मर्यादा घातली होती. अमेरिकेत २००६ च्या कायद्याने फक्त सैनिकी कुटुंबांना ३६ टक्क्यांची मर्यादा मिळाली. बाकीच्यांसाठी लगाम आला तो बँक नियामकांकडून. आयकर खात्याने २०११ च्या हंगामापासून तो इशारा थांबवला, एचएसबीसी बँकेला ही कर्जं बंद करावी लागली आणि २०१२ च्या हंगामानंतर केंटकीच्या रिपब्लिक बँकेनेही हात आखडता घेतला.

पण गरज होती तिथेच होती. त्यात २०१५ च्या कायद्याने, फसवणूक रोखण्यासाठी, या क्रेडिटचे परतावे १५ फेब्रुवारीपूर्वी देण्यास मनाई केली. २०१७ पासून ती लागू झाली. थांबणं लांबलं, तशा ‘बिनव्याजी’ उचलीच्या जाहिराती झळकल्या. त्यांची किंमत गिऱ्हाईक विवरणपत्राच्या फीतून मोजतं. पुढे ३६ टक्क्यांच्या जरा खालच्या दराची व्याजी कर्जंही आली. १९६९ पासून स्वयंसेवक विवरणपत्रं फुकट भरून देतात, पण त्यांच्या टेबलावर त्याच दिवशी पैसे मिळत नाहीत.