शेततळ्याचं हिरवंगार पाणी
‘पाणी जितकं हिरवं, तितकी मासळी जोमात’ असं जालना-बीडकडे शेततळ्यावर हमखास ऐकू येतं. हे अर्धंच खरं. हलकं हिरवं पाणी रोहू-कटल्याला पोसतं. गडद झालं की पाणी हिरवं करणारं तेच शेवाळ रात्रभर ऑक्सिजन ओढतं. मग पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. आपले लोक म्हणतात, भुकेलेत, आणि वरून आणखी पेंड टाकतात! तिथंच घात होतो. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. उन्हात कोपरापर्यंत हात बुडवा; पंजा त्याआधीच दिसेनासा झाला तर खाद्य-शेणखत थांबवा, पहाटे पंपानं तळ्याचंच पाणी फवारत परत तळ्यात सोडा. तळ्याचं पाणी बदललंत तर काढलेलं पाणी ओढ्यात नको, कापसाला द्या. त्यात नत्र असतं.