हिरकणीचं विष आणि एमआरआयमधला हिरा

हिऱ्याची कणी पोटात गेली की माणूस वाचत नाही, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. नाशिकच्या एका व्याख्यानात मी एमआरआयसाठी हिऱ्याचे कण वापरण्याबद्दल बोललो, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला. हिरा म्हणजे कार्बन. शरीरातल्या रसांशी त्याची रासायनिक क्रिया होत नाही, त्यात विष नाही. आणि शुक्राची पीडा टळेल म्हणून सराफ बाजारातून आणून बोटात घालण्यालाही काडीचा आधार नाही.

कॉन्ट्रास्टचा, म्हणजे चित्र ठळक यावं म्हणून इंजेक्शन देऊन करायचा एमआरआय सांगितला की बहुतेक सेंटरवर आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी नीट चालते का याचा रिपोर्ट विचारतात. कारण त्या इंजेक्शनात गॅडोलिनियम नावाचं धातूचं मूलद्रव्य असतं. मोकळं गॅडोलिनियम विषारी, म्हणून ते किलेट नावाच्या रेणूत जखडून देतात, आणि किडनीनं ते वेळेत लघवीवाटे बाहेर टाकायला हवं. कमी गॅडोलिनियममध्ये काम भागलं तर किती बरं! हिरा हवा आहे तो यासाठी.

१.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं सेकंदाला सुमारे ६.४ कोटी गिरक्या घेतात. रेडिओलहरींनी ती कलतात, मग सावरतात. एका प्रकारच्या चित्रात जिथे ती लवकर सावरतात तो भाग उजळ दिसतो. पण केंद्रक आपलं आपण सावरत नाही. शेजारी डोलणारं चुंबकीय क्षेत्र लागतं, तेही त्याच्याच तालात. झोक्याला वेळ साधून हात द्यावा तसं. गॅडोलिनियमच्या ७ एकट्या, म्हणजे जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे त्याचं क्षेत्र जबरदस्त असतं. मात्र त्याचा लहानसा रेणू या तालाच्या कितीतरी पट वेगानं भिरभिरतो आणि बरीचशी ताकद वाया जाते. तोच रेणू हिऱ्याच्या कणाला बांधला की भिरभिर मंदावते, ताल जवळ येतो. शिवाय हिऱ्याच्या पृष्ठभागाशी पाण्याचे रेणू रेंगाळतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात थॉमस मीड आणि सहकाऱ्यांनी अशी जोडणी केली, तेव्हा प्रत्येक गॅडोलिनियमचा परिणाम दहापटीहून अधिक वाढला.

हे कण खाणीतून येत नाहीत. टीएनटी आणि आरडीएक्सचा बंद टाकीत स्फोट केला की स्फोटकातल्याच कार्बनचे ४-५ नॅनोमीटरचे हिरे होतात.

‘हिऱ्यानं कॅन्सर पकडणार’ अशा मथळ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. हे अजून मान्यताप्राप्त औषध नाही. हे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, आणि मोठ्या गुठळ्या किडनीच्या गाळणीतून जात नाहीत, यकृतात साचतात. आता खरं काम आहे ते कण सुटे ठेवण्याचं.