वारा, उशीर आणि ऐंशीव्या मिनिटाचा गोल

स्थानिक फुटबॉलच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं : पूर्वार्धात आघाडी, उत्तरार्धात बचाव आणि शेवटच्या दहा मिनिटांत ‘वाऱ्याचा फायदा घेत’ प्रतिस्पर्ध्यांचे दोन गोल. मग हरलेल्यांनी वाऱ्याला दोष द्यायचा आणि जिंकलेल्यांनी म्हणायचं, ‘वारा काय आम्हालाच होता का? हाफ टाइमला साइड बदलली की हिशेब बरोबर.’ कोल्हापूरच्या तालमींच्या संघांपासून गोव्यातल्या गावच्या मैदानांपर्यंत हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. ते न्यायाचं वाटतं, पण हवेच्या गणितात टिकत नाही.

आधी वारा नेमका किती धरायचा ते ठरवू. मोबाइलवर ‘ताशी २९ किलोमीटर’ दिसतं ते जमिनीपासून दहा मीटर उंचीवरच्या वाऱ्यासाठी असतं, कारण वेधशाळेत वारा मोजायची ती ठरलेली उंची आहे. खाली जमिनीच्या घर्षणामुळे तो मंदावतो. आखूड गवताच्या मोकळ्या मैदानावर डोक्याच्या उंचीला त्याचा साधारण तीन चतुर्थांश वेग उरतो आणि घोट्याच्या उंचीला चाळीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहा मीटरवर ताशी २९ असेल, तर जमिनीलगत घरंगळणाऱ्या पासला जेमतेम ताशी १२ चा वारा लागतो. वाऱ्यात चेंडू खाली ठेवा, हा जुन्या प्रशिक्षकांचा सल्ला इतका साधा आणि इतका बरोबर आहे. यंत्र नसेल तर झाडांकडे बघावं : धूळ आणि कागद उडू लागले, बारीक फांद्या हलू लागल्या, की ताशी २० ते २८, लहान झाडंच डोलू लागली की त्याच्याही वर.

पुढच्या हिशेबासाठी वारा सेकंदाला ८ मीटर धरू, म्हणजे ताशी सुमारे २९. बचावपटूने चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने, ४० अंशांच्या कोनात उंच टोलवला. हवाच नसती तर तो ६० मीटरपलीकडे गेला असता. शांत हवेत, फिरकी नसताना, साधारण ४० मीटरवर पडतो. वारा पाठीशी असेल तर ५० वर आणि समोरून असेल तर ३० वर. एकाच पायाच्या एकाच किकमध्ये वीस मीटरचा फरक! पण माझ्या मते अंतरापेक्षा महत्त्वाचं आहे चेंडू पडतो कसा. पाठीच्या वाऱ्यात तो सेकंदाला १५ मीटर आडव्या (जमिनीला समांतर) वेगाने, तिरका येतो आणि टप्पा घेऊन पुढे निसटतो. समोरच्या वाऱ्यात आडवा वेग सहाच्याही खाली जातो, चेंडू जवळजवळ उभा कोसळतो आणि तिथेच टप्पा खातो. त्याच्याखाली उभं राहायला समोरच्या मधल्या फळीला भरपूर वेळ मिळतो. वाऱ्याविरुद्ध बचाव करणारा संघ चेंडू बाहेर काढतो, पण तो तीस मीटरवरून पुन्हा अंगावर येतो. चाळीस मिनिटं हेच चाललं की पाय जड होतात. त्यात धावण्याचाही भुर्दंड आहे : सेकंदाला ५ मीटरने वाऱ्याविरुद्ध धावणाऱ्या खेळाडूला शांत हवेच्या चार-पाच पट अवरोध सोसावा लागतो, जणू कुणी अडीच किलोचं ओझं कमरेला बांधून मागे ओढतंय. पाठीच्या वाऱ्यात तोच अवरोध जवळजवळ शून्यावर येतो.

आता आडव्या, म्हणजे बाजूने येणाऱ्या वाऱ्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं की वारा चेंडूला बाजूने ढकलतो, म्हणून जितका वेळ चेंडू हवेत तितका तो सरकतो. हे अर्धंच खरं आहे. तोफा-बंदुकांच्या गणितात एक जुना नियम आहे आणि तो फुटबॉललाही तंतोतंत लागू पडतो : आडवं सरकणं म्हणजे वाऱ्याचा वेग गुणिले चेंडूला झालेला उशीर. उशीर कशाच्या तुलनेत? हवेचा अवरोधच नसता तर चेंडू जेवढ्या वेळात पोचला असता, त्याच्या तुलनेत.

असं का होतं हे बघायचं तर मैदानावरची सगळी हवा ही एक सरकती सतरंजी समजा. सतरंजी उजवीकडे सेकंदाला ८ मीटरने सरकतेय आणि तुम्ही तिच्यावर बसून चेंडू बघताय. तुम्हाला वारा जाणवणारच नाही. तुमच्या नजरेत चेंडू समोर जाता जाता सेकंदाला ८ मीटरने डावीकडे निघालेला दिसेल. हवेचा अवरोध नेहमी हवेच्या सापेक्ष चेंडू ज्या दिशेला जातोय त्याच्या बरोबर उलट असतो. तो वेग कमी करतो, दिशा वळवत नाही. म्हणून वरून पाहिलं तर सतरंजीवरचा चेंडूचा मार्ग सरळ रेषा असतो, आणि पुढचं व डावीकडचं अंतर यांचं प्रमाण शेवटपर्यंत तेच राहतं. चेंडू गोलपर्यंतचं अंतर कापेतो तो डावीकडे किती गेला? अवरोध नसताना जितका वेळ लागला असता, तितका वेळ गुणिले ८. आणि तेवढ्यात सतरंजी उजवीकडे किती सरकली? प्रत्यक्ष लागलेला वेळ गुणिले ८. वजाबाकी करा : उरतो तो फक्त उशीर गुणिले वाऱ्याचा वेग.

आकडे घालून बघू. २० मीटरवरून सेकंदाला २५ मीटर वेगाने मारलेला फटका अवरोधाशिवाय ०.८ सेकंदात पोचला असता. प्रत्यक्षात लागतात सुमारे ०.८९ सेकंद. उशीर ०.०९, गुणिले ८ : चेंडू ७० सेंटिमीटर सरकतो, म्हणजे तीन चेंडू शेजारी शेजारी ठेवल्यावर होईल तितका. कॉर्नर किकला उशीर याच्या चौपट, म्हणजे गोलरेषेकडे वाहणारा वारा उंच कॉर्नरला जवळजवळ तीन मीटर आत आणतो. आणि ४० मीटरची उंच किक सहा-सात मीटर बाजूला जाते.

यातून निघणारी एक गोष्ट गोलकीपरसाठी मोलाची आहे. उशीर सुरुवातीला जवळजवळ नसतो, तो साठत जातो. उड्डाणाच्या पहिल्या अर्ध्या वेळात चेंडू एकूण सरकण्याच्या सुमारे एक चतुर्थांशच सरकतो; उरलेलं तीन चतुर्थांश दुसऱ्या अर्ध्यात. गोलीने पहिल्या अर्ध्यावरून अंदाज बांधून पाऊल टाकलं की तो चुकला. वाऱ्यात गोली ‘हातचा सोडतो’ तेव्हा दरवेळी हाताचीच चूक असते असं नाही.

मग जोरात मारलं की वारा भेदला जातो का? काही अंशी. फटक्याचा वेग दुप्पट केला तर आडवं सरकणं निम्मं होतं, पण पाव होत नाही, कारण वेगवान चेंडूवर अवरोधही जास्त असतो. सरकणं वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हा शाळेतला नियम इथे फसवतो.

आणि इथे हवा आणखी एक खेळी करते. चेंडूला चिकटून हवेचा एक पातळ थर असतो, सीमास्तर. कमी वेगात हा थर शांत, पापुद्र्यांसारखा वाहतो आणि चेंडूच्या कुशीशी पोचताच पृष्ठभाग सोडून सुटतो. मागे रुंद पोकळीसारखी गोंधळाची शेपटी राहते आणि ती चेंडूला मागे ओढते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की सीमास्तरच खळबळतो. खळबळलेल्या थरात बाहेरची वेगवान हवा सतत आत मिसळते, त्याला जोम मिळतो, तो चेंडूला मागच्या बाजूपर्यंत चिकटून राहतो आणि शेपटी अरुंद होते. परिणाम उलटा वाटेल असा : वेग वाढला आणि अवरोधाचा गुणांक (चेंडू हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा) ०.४५–०.५ वरून ०.२ च्या आसपास कोसळला. नेहमीच्या शिवलेल्या चेंडूला हे सेकंदाला १२ ते १५ मीटरच्या दरम्यान घडतं. टाक्यांच्या खाचा थर लवकर खळबळवतात. चेंडू जितका गुळगुळीत, तितका हा उंबरठा वर सरकतो. २०१० च्या विश्वचषकातला आठ तुकड्यांचा जाबुलानी चेंडू याचसाठी बदनाम झाला. त्याचा उंबरठा नेमका फ्री किकच्या वेगांच्या पट्ट्यात आला होता, त्यामुळे फिरकी नसलेला चेंडू मध्येच डगमगायचा. २०१४ च्या ब्राझुकाला सहाच तुकडे होते, पण त्याचे सांधे एकंदरीत जास्त लांब आणि खोल, म्हणून तो शहाण्यासारखा वागला. तुकड्यांची संख्या मोजून चेंडूची जात ठरवणाऱ्या जाहिरातींना यात उत्तर आहे.

आता हे उशिराच्या नियमाला जोडा. २० मीटरवरून सेकंदाला १५ मीटरचा सावध, ‘प्लेस’ केलेला फटका. तो उंबरठ्याच्या वरच राहिला, तर आडव्या वाऱ्यात सुमारे १२० सेंटिमीटर सरकेल. पण वाटेत मंदावून उंबरठ्याखाली आला, तर गुणांक दुप्पट होतो, उशीर ०.३ सेकंदांवर जातो आणि सरकणं अडीच मीटरपर्यंत पोचू शकतं. गोलची रुंदी ७.३२ मीटर, हा तिचा एक तृतीयांश झाला. दमलेल्या पायाचा फटका पंधराच्या घरातला असतो, ताज्या पायाचा पंचविसाच्या. वारा तोच असला तरी ऐंशीव्या मिनिटाला तो दुप्पट-तिप्पट लागतो, याचं कारण हे आहे.

फिरकीबद्दल थोडक्यात. खालून कापून मारलेल्या चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि हवा त्याला वर उचलते. ही उचल हवेच्या सापेक्ष वेगावर ठरते, म्हणून तीच फिरकी समोरच्या वाऱ्यात पाठीच्या वाऱ्यापेक्षा जवळपास दुप्पट उचल देते. चेंडू पतंगासारखा चढतो आणि अंगावर पडतो. वाऱ्याविरुद्ध गोल किक मारताना चेंडूच्या खाली नाही, मध्यावर पाय लावायचा. वाऱ्याने गोल किक थेट स्वतःच्याच जाळ्यात आणलीच, तर नियम १६ नुसार गोल धरला जात नाही, कॉर्नर दिला जातो. उलट दिशेला मात्र गोल होतो. १९ जानेवारी २०२१ ला न्यूपोर्ट काउंटीच्या टॉम किंग या गोलीने चेल्टनमविरुद्ध पाठीच्या वाऱ्यात मारलेली गोल किक समोरच्या गोलीसमोर टप्पा घेऊन आत गेली. अंतर ९६.०१ मीटर, तेव्हाचा विक्रम. आधीचा विक्रमही वाऱ्यातलाच होता : २ नोव्हेंबर २०१३, स्टोकचा गोली अस्मिर बेगोविच, तेराव्या सेकंदाला, ९१.९ मीटर.

आता ‘साइड बदलली की हिशेब बरोबर’ याकडे परत. हिशेब बरोबर व्हायला वारा नव्वद मिनिटं एकसारखा राहायला हवा. दख्खनच्या पठारावर मार्च ते मे तो तसा राहत नाही. दुपारी तापलेली जमीन हवा वरखाली घुसळते आणि वरचा जोरदार वारा खाली येतो. सूर्य कलला की घुसळण थांबते आणि जमिनीलगतचा वारा मंदावतो. चारला सुरू होणाऱ्या सामन्यात पूर्वार्धाचा वारा बहुधा उत्तरार्धापेक्षा दमदार असतो. ढग नसतील तर टॉस जिंकल्यावर वारा आधीच पाठीशी घ्यावा. नाणेफेक जिंकणाऱ्याला साइड किंवा किक-ऑफ यांतलं एक निवडता येतं. वाऱ्याच्या दिवशी किक-ऑफ निवडणं म्हणजे हातचं सोडणं. मात्र क्षितिजावर वळवाचे ढग चढत असतील तर हा आडाखा सोडून द्यावा. वळवाच्या ढगातून थंड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून सगळीकडे पसरते. पावसाआधीचा तो गार झोत मैदानावर पोचला की काही मिनिटांत वाऱ्याची दिशा फिरते आणि जोर दुप्पट होतो. उत्तरार्धात वाऱ्याविरुद्ध खेळणाऱ्या संघाला अचानक वारा पाठीशी मिळतो, किंवा त्याच्या अगदी उलट.

काही मैदानांवर एक गोल ‘लागट’ मानला जातो. त्या बाजूला म्हणे शेवटी गोल पडतोच. मग सामन्याआधी खांबाला लिंबू-मिरची. त्या बाजूला बघायची गोष्ट वेगळी आहे : दुपारचा वारा रोज एकाच दिशेने येत असेल तर एका टोकाचा गोल रोजच वाऱ्याच्या तोंडी असणार, आणि मागे भिंत किंवा गॅलरी असेल तर तिच्या आडोशाला भोवरे असणार. लिंबाने वाऱ्याचा वेग बदलत नाही. काठीला बांधलेली फूटभर रिबीन दोन्ही गोलांच्या मागे लावली, तर हाफ टाइमपर्यंत दोन टोकांचा फरक डोळ्यांनी दिसतो.

चेंडूही तपासावा. पाच नंबरच्या चेंडूचं वजन ४१० ते ४५० ग्रॅम, परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर असावा लागतो. स्वस्तातले रबरी चेंडू बरेचदा हलके भरतात. ४३० ऐवजी ३८० ग्रॅमचा चेंडू असेल तर वरचे सगळे सरकण्याचे आकडे १३ टक्क्यांहून थोडे जास्तच वाढतात. किराणा दुकानातला काटा यासाठी पुरतो, आणि तो सामन्याआधी दोन्ही कर्णधारांसमोर लावावा, हरल्यानंतर नाही.