माधवराव सप्रे आणि 'एक टोकरी-भर मिट्टी': पहिल्या हिंदी कथेच्या वादाची पार्श्वभूमी

हिंदीतली पहिली आधुनिक कथा कोणती, या वादाचे मूळ आचार्य रामचंद्र शुक्ल यांच्या 'हिंदी साहित्य का इतिहास'मध्ये आहे. किशोरीलाल गोस्वामींची 'इंदुमती' (१९००), खुद्द शुक्लांची 'ग्यारह वर्ष का समय' (१९०३), 'बंगमहिला' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची 'दुलाईवाली' (१९०७) अशा आरंभीच्या कथांची यादी त्यांनी वर्षक्रमाने दिली. माधवराव सप्रे यांचे नाव तीत नाही, कारण ती यादी अलाहाबादच्या 'सरस्वती' मासिकातल्या कथांचीच होती. सप्रे यांची 'एक टोकरी-भर मिट्टी' एप्रिल १९०१ मध्ये छापली गेली, ती 'छत्तीसगढ मित्र'मध्ये.

सप्रे मराठी घरातले. जन्म १९ जून १८७१, दमोह जिल्ह्यातल्या पथरिया गावी, शिक्षण बिलासपूर-रायपूरकडे. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा या आडबाजूच्या गावातून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. सोबत रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे होते. छपाई आधी रायपूरला, मग नागपूरला. पुस्तकांची सविस्तर, निर्भीड समीक्षा हे या मासिकाचे खरे बळ होते. हिंदीत तेव्हा ती जवळजवळ नव्हतीच. पैशाचे गणित मात्र जमले नाही आणि तीन वर्षांनी, १९०२ च्या अखेरीस, मासिक बंद पडले.

कथा जेमतेम दोन पानांची. जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवायचे आहे, शेजारच्या गरीब विधवेची झोपडी आड येते. वकिलांच्या जोरावर तो ती बळकावतो. पुढे एकदा विधवा टोपली घेऊन येते. झोपडी सुटल्यापासून नातीने अन्न सोडले आहे, घरी नेलेस तरच जेवीन असा तिचा हट्ट आहे. तेव्हा झोपडीतली टोपलीभर माती न्यावी, तिची चूल घालावी, तिच्यावर भाकरी भाजावी, म्हणजे पोर जेवेल, एवढीच तिची मागणी. टोपली भरते आणि ती म्हणते, महाराज, जरा हात लावा, डोक्यावर घेते. जमीनदाराला टोपली हलत नाही. मग ती विचारते: एका टोपलीचा भार उचलवत नाही, या झोपडीत तर हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा उचलाल?

याला कथा म्हणायचे की बोधकथा, इथे अभ्यासकांत फूट पडते. शेवटचे हृदयपरिवर्तन फार झटपट होते, झोपडी परत मिळते, हा आक्षेप खरा आहे. पण टोपली, माती, चूल या घरगुती वस्तूंवरच सगळा ताण उभा राहतो. राजपुत्र नाही, तिलिस्म म्हणजे जादूची दुनिया नाही, दैवी योगायोग नाही. जमिनीचा हक्क आणि कोर्टकचेरी हा विषय १९०१ मध्ये इतक्या साध्या खडी बोलीत, म्हणजे आजच्या प्रमाण हिंदीचा पाया असलेल्या बोलीत, येणे, हे मला 'पहिली' या पदवीपेक्षा मोलाचे वाटते. 'इंदुमती'वर शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'ची छाया असल्याचे सांगितले जाते, त्यामुळे तिच्या मौलिकतेवर शंका येते. आणि १९ व्या शतकारंभीची इंशाअल्ला खाँ यांची 'रानी केतकी की कहानी' गद्य म्हणून जुनी असली तरी घडणीने दास्तानच, म्हणजे जुन्या वळणाची अद्भुत गोष्टच. निकष बदलला की पहिला क्रमांक बदलतो.

सप्रे पुढे कथेकडे वळले नाहीत. १९०७ मध्ये नागपुरातून त्यांनी टिळकांच्या 'केसरी'तले विचार हिंदीत नेणारा 'हिंदी केसरी' सुरू केला. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाखाली अटक झाली. घरच्यांच्या दबावाखाली माफीनामा देऊन ते सुटले, आणि ती सल त्यांना कायम राहिली. वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर ते दासबोधात बुडाले. त्यातून 'दासबोध'चा हिंदी अनुवाद आला, मग 'गीतारहस्य'चा आणि चिं. वि. वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूरला त्यांचे निधन झाले.

कथेला पहिलेपणाचा मान मागितला गेला तो १९६८ च्या सुमारास. देवीप्रसाद वर्मा यांनी 'छत्तीसगढ मित्र'च्या जुन्या अंकातून ती वर काढली आणि 'सारिका' मासिकातून ती नव्या वाचकांपुढे आली.